मालनताईंचं ‘मना ठाव नाय’

शिक्षक एका जागी जमले की तिथे ऐकणारं कोणी उरत नाही, सगळे सांगणारेच असतात. अशा जमावाला सलग अर्धा तास गप्प बसवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तिचं नाव मालन भोईर.

टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीच्या काठावर, डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी आमचं प्रशिक्षण सुरू झालं, मग दर शनिवारी. मुलांना वर्गाबाहेर काढून आपल्या जवळच्या नदीचा अभ्यास कसा घ्यायचा, हे ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या शाळांमधल्या शिक्षकांना शिकवायचं, असा कार्यक्रम. मी विठ्ठलवाडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या शाळेजवळून वालधुनी वाहते. तिला नदी म्हणायचं की नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्ये अजून एकमत नाही. ‘तुम्ही तरुण आहात, तुम्ही जाऊन या,’ असं म्हणून मुख्याध्यापकांनी मला पाठवलेलं. शाळेच्या भाषेत याचा अर्थ, दुसरं कोणी तयार नव्हतं.

पोचल्या पोचल्या आम्ही खात्याच्या रीतीप्रमाणे बॅनर उघडला. बॅनरशिवाय उपक्रम झाला असं आमच्यात कोणी मानत नाही. दोघांनी टोकं धरली, बाकीचे मागे उभे राहिले, पोटं आत गेली. तेवढ्यात साडीचा ओचा खोचलेली, पन्नाशीच्या पुढची एक बाई पाण्यातून वर आली, आमच्या हातातून बॅनर घेतला, म्हणाली, “बरं झालं आणलात, इथे खाली फार चिखल आहे.” आणि तो पालथा अंथरून तिने त्यावर घरच्या स्टीलच्या ताटल्या मांडल्या. फोटो राहिला तो राहिलाच.

हीच मालनताई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नदीचा अभ्यास कसा घ्यायचा हे आम्हाला शिकवणारी तीच.

तिने पाण्यातला एक दगड उचलला, उलटा केला आणि त्याच्या पोटाला चिकटलेलं काहीतरी बोटाने अलगद ताटलीत सोडलं. नखाएवढा, चपटा, तीन शेपट्यांचा किडा. ताटलीतल्या पाण्यात तो शेपट्या हलवत फिरायला लागला.

“हे काय आहे?” मालनताईंनी विचारलं.

“झिंगा,” एक जण म्हणाला.

“डासाची अळी,” दुसरी म्हणाली.

“जलकीटक,” आनंदा जगदाळे सर म्हणाले. हे टिटवाळ्याच्याच एका शाळेतले. त्यांच्या आवाजातच पूर्णविराम होता.

“जलकीटक म्हणजे काय, सर?”

“पाण्यात राहणारा कीटक.”

“ते मलापण दिसतंय. मीच काढला ना पाण्यातून.” मालनताईंनी ताटली सगळ्यांपुढून फिरवली. “खरं सांगा, याचं नाव कोणाला माहीत आहे?”

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. नाव कोणालाच माहीत नव्हतं, पण तसं म्हणेल कोण. पंधरा-वीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून ते वाक्य उच्चारायची सवयच मोडून जाते.

“मग म्हणा,” ताई म्हणाल्या, “मना ठाव नाय.”

कोणी हसलं. ताई हसल्या नाहीत. “म्हणा. वर्गात पोरांकडून म्हणवून घेता तसं. मना ठाव नाय.”

आणि आम्ही म्हटलं. पदवीधर, बीएड झालेले, दोन-तीन जण तर पुरस्कारवाले, नदीकाठी रांगेत उभे राहून एका सुरात ‘मना ठाव नाय’ म्हणत होतो. पलीकडे एक जण म्हशी धूत होता. त्याने सोबतच्याला विचारलेलं पाण्यावरून स्पष्ट ऐकू आलं, “यांना काय ठाव नाय रं?”

हे वाक्य मालनताईंना त्यांच्या आईने दिलं. आईचं नाव सखुबाई. काळूकाठचं आगरी घर, नदीच्या कडेला भाजीचा मळा, पाऊस संपला की वांगी, भेंडी, गवार. सखुबाई शाळेत गेल्या नव्हत्या, आणि लहानपणी मालनताईंना प्रश्न फार पडायचे. बगळा एकाच पायावर का उभा राहतो, असं त्यांनी एकदा विचारलं. सखुबाई म्हणाल्या, “मना ठाव नाय गो. चल, त्यालाच बगू.” आणि दोघी मळ्याच्या बांधावर बसून बगळ्याकडे बघत राहिल्या. बगळ्याने पाय बदलला तो भात करपल्यावर. बापाने त्या दिवशी करपलेला भात खाल्ला आणि बगळ्याला शिव्या दिल्या.

“उत्तर मिळालं का मग?” मी विचारलं होतं.

“नाही. पण बगळा कसा उभा राहतो ते मला अजून काढून दाखवता येईल,” ताई म्हणाल्या, आणि दगडावर एक पाय उचलून मान अशी आत ओढली की खरंच कोणाला मासे टाकावेसे वाटतील.

त्यांच्या बोलीत ठाव म्हणजे माहिती, आणि ठाव म्हणजे पाण्याचा तळसुद्धा. ताईंचं सगळं शिकवणं या एका शब्दात बसतं. मूल पाण्यात उतरण्याआधी शिक्षकाने स्वतः बांबूची काठी घेऊन उतरायचं आणि पाऊल टाकायच्या आधी काठी टाकायची. जिथवर ठाव लागतो तिथवर दोरी बांधायची, दोरीला लाल चिंध्या. दोरीच्या पलीकडे मुलाची चप्पलसुद्धा जाता कामा नये. प्रश्नाचंही तसंच. उत्तर येत नसेल तर ‘ठाव नाय’ म्हणायचं आणि काठी टाकायची, म्हणजे दगड उलटा करायचा, गाळणीत पाणी गाळायचं, नाहीतर नुसतं बसून बघायचं. ठाव लागला तर पुढे, नाहीतर तिथेच थांबायचं आणि मुलांना तसं सांगायचं.

ऐकायला हे सोपं आहे. करायला घेतलं की कळतं. पहिल्या दिवशी पाण्यात उतरताना डोंबिवलीच्या एका मॅडमनी पायातले मोजे काढायला नकार दिला. मी काठी टाकली ती थेट चिखलात रुतली, ती काढायला गेलो तर चप्पल रुतली. ताई काठावरून म्हणाल्या, “संदेश सर, अभ्यास छान चाललाय. आता पायपण ठेवता का तिथेच?”

ताईंना शाळेत लागून बरीच वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. पाचवीच्या पुस्तकात ‘नदीतील सजीव’ असं चित्र होतं. मुलांना त्यांनी आपल्या नदीचं चित्र काढायला सांगितलं. सगळ्या वर्गाने कमळं काढली, पांढरी बदकं काढली, मागे डोंगर आणि डोंगरामागे सूर्य. शाळेच्या खिडकीतून काळू दिसत होती. खिडकीत डोकावून बघितलं असतं तर म्हैस दिसली असती, वायरवर बसलेला खंड्या दिसला असता, कपडे आपटणाऱ्या स्वतःच्या आया दिसल्या असत्या. एकाही चित्रात म्हैस नव्हती. ताईंनी पुस्तकं मिटायला लावली आणि वर्ग नदीवर नेला. परत आल्यावर मुख्याध्यापकांनी विचारलं, “बाई, हे कुठल्या घटकात बसतं?”

“बसत नाही, सर. बाहेरच असतं ते.”

मेमो मिळाला. पुढच्या आठवड्यात ताई एकेका मुलाच्या घरी गेल्या, आईबापांशी बोलल्या आणि वर्ग पुन्हा नेला. मग दरवर्षी. जवळपासच्या गावांनी जमिनी बिल्डरला दिल्या, भोईरांनीही काही दिल्या, टॉवर उभे राहिले. ताईंचे यजमान गुणाजी यांचं बिल्डिंग मटेरियलचं दुकान आहे. ते आल्यागेल्याला सांगतात, “आमच्या भावकीने जमीन विकून गाड्या घेतल्या. आमच्या हिने चहाच्या गाळण्या घेतल्या.” यात तक्रार किती आणि मिरवणं किती, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांच्या घरी जेवायला बसलं की ताटल्या कमी पडतात, कारण निम्म्या नदीवर असतात.

शिक्षकांना शिकवायचं त्यांच्या डोक्यात आलं ते एका साध्या हिशेबाने. आपण रिटायर झालो की ही नदी परत पुस्तकात जाणार. मुलं आपल्याकडे एक वर्ष असतात, पण शिक्षक तीस वर्षं असतो. म्हणून शनिवारची दुपार. हे काम त्या मन लावून करतात, गोड बोलून नाही. पहाटे फोन करतात. व्हॉट्सॲपवर लांबच लांब आवाजी निरोप टाकतात आणि त्यात मागे कोणाची तरी म्हैस ओरडत असते. त्यांच्या थर्मासमधला चहा शत्रूलाही देऊ नये असा. पण गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडून शिकून गेलेले शिक्षक उल्हास, भातसा, काळू, जी नदी जवळ असेल तिथे मुलांना नेतात, आणि यातल्या एकाही वर्गात आजवर कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालेलं नाही.

आणि तरीही ते सगळं बंद व्हायची वेळ आली.

मागच्या पावसाळ्यात वरच्या अंगाला सहलीला आलेली दोन मोठी मुलं बुडाली. शाळेची नव्हती, शिक्षक सोबत नव्हते, पण बातमीला तेवढं वाचायला वेळ नसतो. शिक्षण विभागात परिपत्रक तयार झालं की कोणत्याही शाळेने विद्यार्थ्यांना नदी, नाला, तलाव यांच्या काठी नेऊ नये. फक्त सही बाकी होती. विस्तार अधिकारी प्रफुल्ल धनावडे साहेब सरळ माणूस. त्यांनी ताईंना बोलावून सांगितलं, “मॅडम, मी एक वर्ग स्वतः बघतो. मुलं सुरक्षित आहेत आणि खरंच शिकतायत असं वाटलं तर वर तसं कळवतो. नाहीतर कागद पुढे जाईल.”

म्हणजे एका सकाळच्या वर्गावर ताईंचं सगळं काम टांगलेलं. आम्ही धरून चाललो की वर्ग ताई स्वतः घेणार. त्यांनी घेतला असता तर साहेबांनीही बूट काढून दगड उलटे केले असते. पण शेवटच्या शनिवारी ताईंनी जाहीर केलं, “वर्ग जगदाळे सर घेतील.”

आता जगदाळे सर म्हणजे काय ते सांगायला हवं. माणूस सोन्यासारखा. मूळचे दुष्काळी माण तालुक्यातले. त्यांच्या गावच्या नदीला पाणी आलं की शाळेला सुट्टी देऊन बघायला जात, असं तेच सांगतात. त्यामुळे पाण्याची त्यांना ओढही होती आणि भीतीही. पाण्यात ते खांबासारखे उभे राहत. शिस्त कडक, निकाल चांगला, पालक खूश. त्यांचा वर्ग कुठलंही उत्तर एका सुरात देतो. आणि आमच्या सगळ्या बॅचमध्ये ‘मना ठाव नाय’ न म्हणणारा माणूस हाच. सगळे म्हणत तेव्हा ते नुसते ओठ हलवायचे. ताईंनी ते पाहिलेलं मी पाहिलं होतं.

मी ताईंना बाजूला घेतलं. “ताई, दुसरं कोणी नाही का?”

“तुम्ही घेता?”

“मी तसं म्हणालो नाही.”

“हां. तुम्ही घेतलात तर साहेबांना करमणूक होईल, पण परवानगी मिळायची नाही.”

“मग तुम्ही घ्या ना. तुमचं सगळं पणाला लागलंय.”

“म्हणूनच,” ताई म्हणाल्या. “मी घेतला तर साहेब म्हणतील, बाई हुशार आहे, पण सगळे शिक्षक असे थोडेच असतात. आणि खरंच नसतात, संदेश सर. सगळे जगदाळे सरांसारखेच असतात. त्यांना जमलं तर कोणालाही जमेल. त्यांना नाही जमलं, तर मी इतकी वर्षं काय शिकवलं?”

मी दोरी गुंडाळायला घेतली.

वर्ग जानेवारीत झाला. नदी उतरलेली, काठाचं पाणी घोट्याएवढं, ऊन कोवळं. मुलं गणवेशात, रांगेत. काठी टाकून झालेली, दोरी बांधलेली, लाल चिंध्या फडफडत होत्या. धनावडे साहेब दोरी हाताने ओढून बघून आले, समाधानाने मान हलवली. आम्ही बाकीचे मागे करंजाच्या झाडाखाली, आणि ताई एका दगडावर बसलेल्या.

फक्त एकच गोष्ट ठरल्याप्रमाणे नव्हती. त्या दिवशी पाण्यावर फेस होता. पांढरा, जाड, काठाकाठाने तरंगत येणारा, दगडांना अडकलेला.

जगदाळे सरांनी तो पाहिला. मग त्यांनी खिशातून शिट्टी काढावी तशी आपली रोजची पद्धत काढली.

“मुलांनो, पाण्याचा रंग कसा आहे?”

“पाणी रंगहीन व पारदर्शक आहे,” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. एका मुलाच्या पायाला फेसाचा गोळा येऊन चिकटला होता. तो मुलगा सगळ्यात मोठ्याने म्हणाला.

“नदीत कोणकोणते सजीव आढळतात?”

“मासे, खेकडे, बेडूक, शिंपले, चतुर व जलकीटक.” मधल्या ‘व’वर सगळ्यांनी सारखा जोर दिला.

धनावडे साहेबांनी पाण्याकडे बघितलं, मुलांकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. आम्ही झाडाकडे बघितलं.

मी ताईंच्या कानाशी गेलो. “ताई, काहीतरी करा. सर सगळं बुडवतायत.”

“बसा खाली.”

“अहो, पण...”

“त्यांचा वर्ग आहे. बसा.” त्यांची बोटं पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. तोंडावर काही नव्हतं.

पुढच्या रांगेत रुचिता नावाची एक मुलगी होती, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. तिने हात वर केला. “सर, हा फेस कसला?”

“तो आपल्या आजच्या अभ्यासात नाही.”

“पण सर, परवा दुपारी तालमीला आलेलो तेव्हा नव्हता.”

“तालमीला?” धनावडे साहेब म्हणाले.

हे असं आपल्याकडेच होऊ शकतं. साहेब येणार म्हटल्यावर निरीक्षणाची रंगीत तालीम. नदी काय दाखवणार हे आधीच पाठ करून घेतलेलं, आणि नदीला मात्र कोणी सांगितलेलं नाही. जगदाळे सरांनी कोणाला फसवायला हे केलं नव्हतं. मुलं साहेबांपुढे अडखळू नयेत, ताईंची मान खाली जाऊ नये, म्हणून केलं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मागे वळून ताईंकडे बघितलं.

ताईंनी शेजारची ताटली उचलली आणि तिच्यात बघत बसल्या. ताटली रिकामी होती. मदत नाही, राग नाही, काही नाही. पाण्यात उतरलेल्या माणसाने काठी स्वतः टाकायची असते, तिथे दुसऱ्याचा हात चालत नाही.

पलीकडून टिटवी ओरडत गेली.

“मला माहीत नाही,” जगदाळे सर म्हणाले.

मुलं चमकली. एका मुलाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय सर?”

“फेस कुठून आला, ते मला माहीत नाही.”

आणि सवयीप्रमाणे सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “फेस कुठून आला, ते मला माहीत नाही.”

पहिले हसले धनावडे साहेब. मग आम्ही, मग मुलं, आणि सगळ्यात शेवटी जगदाळे सर, आधी नाकातून आणि मग चांगले पोट धरून. त्या माणसाला इतकं हसताना त्यांच्या वर्गाने कधी पाहिलं नव्हतं. मुलं हसायचं थांबून त्यांच्याकडेच बघायला लागली.

“बरं,” सर डोळे पुसत म्हणाले, “मग बघूया का?”

पुढचा तासभर मी जे बघितलं ते आजवर कुठल्या प्रशिक्षणात बघितलेलं नाही. सरांनी काठी घेतली. मुलांना पाण्याबाहेर काठाने चालवलं आणि स्वतः घोटाभर पाण्यातून पुढे, पाऊल टाकायच्या आधी काठी, काठी लागली की पाऊल. ते कुठे थांबले नाहीत. फेस कुठून येतो ते बघत सगळा वर्ग वरच्या अंगाला निघाला. वाटेत रुचिता म्हणाली, फेस आहे तिथले दगड आणि फेस नाही तिथले दगड, दोन्ही उलटे करून बघूया. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सर पाण्यातून दगड काढून काठावर देत गेले. फेसातल्या दगडांखाली काळा गाळ आणि लाल अळ्या मिळाल्या, बाकी काही नाही. बरंच वर, जिथे पाणी साफ होतं, तिथल्या दगडाखाली तोच तीन शेपट्यांचा किडा. मुलांनी त्याचं नाव विचारलं. सर म्हणाले, “मला माहीत नाही,” आणि या वेळी त्यांच्या आवाजात चक्क मजा होती.

फेस आणि साफ पाणी यांच्या मध्ये, करंजांच्या आडून, एक नाला नदीला मिळत होता. नाला फेसाने भरलेला, साबणाचा वास अगदी नाकात जाणारा. मुलांनी मान वर केली. नाल्याच्या टोकाला मोठा पाइप, पाइपावर भिंत आणि भिंतीवर पिवळ्या रंगाची उंच इमारत.

“सर,” रुचिता म्हणाली, “ही तुमची सोसायटी ना?”

जगदाळे सर बघत राहिले. तिसऱ्या मजल्यावर एका गॅलरीत कपडे वाळत होते. नंतर कळलं, ते त्यांचेच.

“हो,” ते म्हणाले.

“मग हे तुमच्या घरातलं पाणी?”

“माझ्यापण घरातलं आहे. हा पाइप नदीत सोडलाय हे मला माहीत नव्हतं.” आणि मग, “मी विचारलंच नव्हतं कधी.”

एका मुलाने सांगून टाकलं की त्याची आईपण सकाळीच मशीन लावते. दुसऱ्याने पाइपाची उंची हाताने मोजली. कोणी सरांना बोल लावला नाही. मुलांच्या लेखी ते गुन्हेगार नव्हते, त्यांच्यासोबत माग काढणारा एक मोठा मुलगा होते.

परत येताना धनावडे साहेब ताईंच्या बाजूने चालत होते. मी मुद्दाम मागेच राहिलो, ऐकू येईल इतकाच मागे.

“मॅडम, यात धोका आहे,” साहेब म्हणाले.

“आहे ना. म्हणून तर काठी, दोरी. तुम्ही ओढून बघितलीत.”

“दोरी चांगली आहे. मी पाण्याच्या धोक्याचं म्हणत नाही. आज पोरं माग काढत त्यांच्या सरांच्या घरापर्यंत गेली. उद्या अजून कोणाच्या दारात जातील. मग फोन मला येतील.”

ताई चालता चालता थांबल्या. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलणार आणि परवानगी नाल्यात जाणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, जगदाळे सरांनी दार उघडलं ना. सगळ्यांसमोर. मला वाटलं नव्हतं उघडतील.” आणि मग, “फोन येतील. तेव्हा तुम्ही काय बोलणार ते तुम्ही ठरवा. पण आता या पोरांना परत बदकं काढायला लावू नका.”

साहेबांना बदकांचं काही कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. गाडीत बसताना त्यांनी जगदाळे सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “सर, तालीम मात्र नका घेऊ पुन्हा.” बस्स. परवानगी मिळाली की गेली, कोणाला काही सांगता येईना.

ताई त्या दिवशी कोणाशी फार बोलल्या नाहीत. ताटल्या धुतल्या, दोरी गुंडाळली, थर्मासमधला चहा पहिल्यांदा जगदाळे सरांना दिला. सरांनी तो पूर्ण प्यायला. त्या माणसाच्या धैर्याबद्दल मला आणखी काही सांगायची गरज नाही. त्याच आठवड्यात त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाइपाचा विषय काढला. चेअरमननी त्यांना ‘तुम्ही मास्तर लोक’ असं ऐकवलं. विषय पुढच्या मीटिंगवर गेला, आणि सर पुढच्या मीटिंगलाही गेले.

फेब्रुवारीच्या शेवटी परिपत्रक आलं. नदीबंदीचं नव्हतं. मुलांना नदीवर नेता येईल, पण पावसाळा सोडून, पालकांच्या संमतीने, दोरी आणि काठी घेऊन, पाणी ‘घोट्यापर्यंत’ असेल तिथेच, आणि फक्त प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांसोबत. प्रशिक्षण देणार कोण, तिथे मालनताईंचं नाव. मी मोबाइलवरून वाचून दाखवत होतो, ताई गुणाजींच्या दुकानात टाइल्सच्या ढिगावर बसून ऐकत होत्या. मला वाटलं डोळ्यांत पाणीबिणी येईल. मी तयारीत होतो.

“घोट्यापर्यंत?” ताई म्हणाल्या. “कोणाच्या घोट्यापर्यंत?”

“म्हणजे?”

“पहिलीच्या पोराच्या की धनावडे साहेबांच्या? दोघांत चार बोटं फरक आहे. लावा फोन.”

“ताई, आत्ताच तर परवानगी आलीय. थोडं राहू द्या.”

“एखादा मास्तर स्वतःचा घोटा धरून पोरं उतरवेल, मग? लावा.”

मी लावला. साहेबांनी उचलला, अभिनंदन केलं. ताईंनी अभिनंदन बाजूला ठेवून प्रश्न विचारला.

“बघून सांगतो, मॅडम,” साहेब म्हणाले.

“कार्यालयात नाही दिसायचं ते,” ताई म्हणाल्या. “शनिवारी या. नवीन बॅच आहे, पहिलीची काही पोरंपण बोलावते. तुमचा घोटा घेऊन या.”

साहेब आले. पँट दुमडून पाण्यात उभे राहिले, शेजारी पहिलीतलं सगळ्यात बुटकं पोरगं उभं केलं. साहेबांच्या घोट्याला लागणारं पाणी त्या पोराच्या पोटरीला लागलं. जगदाळे सरांनी काठीवर दोघांच्या घोट्यांच्या खडूने खुणा केल्या आणि नवीन शिक्षकांना त्या वाचायला लावल्या. पुढच्या आठवड्यात शुद्धिपत्रक निघालं. ‘घोट्यापर्यंत’ हा शब्द खोडून ‘गटातील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या घोट्यापर्यंत’ असं वाचावं, म्हणून.